आमच्या घरचं विरजण

माझ्या कोपरांवर, मनगटांवर आणि डोक्यात पांढरे पापुद्रे येतात. मागावर काळी साडी असली की त्यांचा कोंडा तिच्यावर सांडलेला लगेच दिसतो, म्हणून विणायला सूत देणाऱ्या सावकाराकडून मी फिकट रंगाचंच सूत मागून घ्यायची. वर डोळ्यांना बरं पडतं असं खोटं सांगायची. पुढं बोटांचे सांधे सुजले, तुटलेला धागा सांधता येईना, तेव्हा कुठं दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टरीणबाईंनी कातडीआधी पोटाचं विचारलं. माझं पोट कायम बिघडलेलं; ते सांगताना मान वर होईना. त्या म्हणाल्या, आतड्यात असंख्य जंतू राहतात, बरेचसे आपल्या कामाचे. त्यांचा तोल गेला तर रोगप्रतिकारशक्ती बिथरून आपल्याच कातडीवर आणि सांध्यांवर उठते, असं दिसतंय. सगळं अजून उलगडलेलं नाही. औषध मात्र नेमानं घ्यायचं. आणि हा आजार कुणाला लागत नाही.

शहाणपणा करून मी हे सगळं नळावर सांगितलं. बायकांनी शेवटचं वाक्य तिथंच सोडलं आणि जंतू तेवढे घरी नेले.

आमच्या वडगावच्या गल्लीत दह्याला विरजण माझ्याच घरून जायचं. संध्याकाळ झाली की दारात वाट्या यायच्या. त्या आठवड्यात एकही आली नाही. अगं बायांनो, दह्यातही जंतूच असतात, असं ओरडून सांगावंसं वाटलं. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. जावेच्या नातवाला उचलून घेणं मीसुद्धा बंद केलं होतं. मग त्यांना बोलायला मला तोंड कुठं होतं?

एका संध्याकाळी शेजारची म्हातारी आक्का वाटी घेऊन आली. मी घाईनं पदर मनगटांवर ओढला आणि विरजण संपलंय म्हणाले. माझ्यामागं दह्याचं भरलेलं भांडं तिला दिसत होतं.

तिनं वाटी तशीच पुढं धरली. "मला न्हाय भ्या वाटत गं. तुलाच कशाचं वाटाय लागलंय?"

मी चमचा घेतला. बोटं नीट मिटेनात, चमचा वाटीवर वाजत राहिला, आणि मनगटावरचा एक पापुद्रा सुटून दह्यात पडला. दोघींनीही तो पाहिला. मला तिथंच मेल्यासारखं झालं.

आक्कानं तो बोटानं काढला, बोट पदराला पुसलं आणि दूध कोमट ठेवू की गार, असं मला विचारलं. माझ्या दुप्पट वर्षं ती दही लावत आली आहे.