हक्क न राखलेलं एक पान

चिंचवडला एका मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन मी जर्मन शिकवते. विद्यार्थी म्हणजे जर्मनीला निघालेल्या नर्स आणि चाकणच्या कंपन्यांतली पोरं. कित्येक वर्षं आमचं एकच पुस्तक होतं, तेही झेरॉक्स. त्यातलं कुटुंब सदानकदा तळ्याकाठी सहलीला गेलेलं. आजारी कोणी पडत नाही, कामावर कोणी जात नाही. मला त्या कुटुंबाचा मनस्वी राग यायचा. त्यातच जवळच्या एका क्लासला अशाच झेरॉक्सवरून वकिलाची नोटीस आली आणि आमच्या झेरॉक्सवाल्यानं हात वर केले.

मग मी ठरवलं, जर्मन माणसांनी जर्मन माणसांसाठी लिहिलेला खराखुरा मजकूर शोधायचा. आणि तोही असा, की ज्यांचा आहे त्यांनीच लिहून ठेवलंय: घ्या, छापा, भाषांतर करा, वाटा, फक्त आमचं नाव घाला. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात चांगलं पान सापडलं की तळाशी 'सर्व हक्क राखीव', आणि हक्क मोकळे असले की मजकूर बेडकांच्या प्रजननावर. रावेतच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी रविवारचे रविवार यात घातले. नवरा म्हणाला, "अगं, त्यापेक्षा वाकडच्या मॉलमध्ये एखादा जर्मन लवकर सापडेल."

शेवटी कामगारांच्या सुरक्षेची पत्रकं सापडली. मोकळ्या परवान्याची, छोट्या छोट्या वाक्यांची. त्यातलं एक पान पॉवर प्रेसमध्ये हात सापडून झालेल्या एका अपघाताबद्दल होतं. ही मशीन पत्रा दाबून त्याला आकार देते. ती चालवायला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबायची, म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर राहतात. पत्रकातल्या कामगारानं एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं होतं, पत्रा सरकवायला एक हात मोकळा राहावा म्हणून. अपघाताच्या आधी ती प्रेस मधूनच, कोणी बटण न दाबता, दुसऱ्यांदा खाली यायला लागली होती. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणीही ती बंद केली नव्हती.

मला ते पान आवडलं, कारण त्यात भूतकाळाची क्रियापदं भरपूर होती. शिक्षकाची जात, दुसरं काय.

वर्गात ते वाचायची पाळी एका नर्सवर आली. मूळची परभणीकडची, इथे एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला, आणि नवरा चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर. तिनं शेवटचं वाक्य वाचलं, परत एकदा वाचलं आणि मराठीतच म्हणाली, "मॅडम, आमच्या ह्यांची मशीन पण अशीच करती."

"अशीच म्हणजे?"

"आपोआप दुसऱ्यांदा खाली येती. हे घरी हसून सांगतात. मालकानं नारळ फोडला, थोडे दिवस गप बसली, आता पुन्हा तेच. टेप तर सगळ्यांच्याच बटणाला असती."

मागच्या बाकावरून चाकणचा एकजण म्हणाला, "ताई, टेप नसली तर टार्गेट कसं निघणार?" पोरं हसली. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते पान मराठीत आणलं. परवाना होताच. मोठ्या अक्षरांत छापलं, नियमाप्रमाणे खाली त्या जर्मन संस्थेचं नाव घातलं आणि तिला म्हटलं, नवऱ्याला दे, त्याला म्हणावं मालकाला दाखव.

पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं की मालक खूष झाला. त्याचा माल घेणाऱ्या कंपनीचं ऑडिट तोंडावर आलं होतं. जर्मन नाव बघून त्यानं पान लॅमिनेट केलं आणि प्रेसच्या शेजारी भिंतीवर लावलं. ऑडिटवाल्यांनी त्याचा फोटो काढून नेला.

"आणि टेप?"

"ऑडिटपुरती काढली होती. संध्याकाळी परत लावली."

"आणि मशीन?"

"ती येतीच की दुसऱ्यांदा."

माझं डोकंच फिरलं. शनिवारी स्कूटर काढून मी थेट चिखलीला गेले. तिचा नवरा कापडाला हात पुसत गेटपाशी आला. मी आधी त्याची बोटं पाहिली. सगळी जागेवर होती. "मॅडम, तुमी काळजी करू नका," तो समजुतीनं म्हणाला, "मला तिचा अंदाज हाय. आवाज बदलला की मी हात काढून घेतो." आत दुसरं कोणीतरी ती प्रेस चालवत होतं. धाड, धाड, एका लयीत. मध्येच एक धाड नको तिथे पडली. तिच्या नवऱ्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी त्याला म्हटलं, निदान बायको जर्मनीला जाईपर्यंत तरी दुसरं काम मागून घ्या. तो म्हणाला, बघतो. हा 'बघतो' आपल्याकडे कशाचा असतो ते मला चांगलं माहीत आहे. पण बायको माझ्यापेक्षा खमकी निघाली. तिनं घरात अबोला धरला, पोराला घेऊन माहेरी जायची धमकी दिली, आणि शेवटी तो पॅकिंगला गेला. ही बातमी तिनं वर्गात जर्मनमध्ये सांगितली, चुका करत करत. मी एकही चूक काढली नाही.

परीक्षा जवळ आली होती, तेव्हा एकदा ती हॉस्पिटलच्या गणवेशातच उशिरा आली आणि मागे बसून राहिली. वर्ग सुटला, पोरं जिना उतरून गेली, तरी ती उठेना. मी जवळ जाऊन विचारलं.

"चिखलीहून एकाला आणलं होतं," ती म्हणाली. "ह्यांच्या जागी लावलेला. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल सोडायच्या आधी मी तोंड बघितलं, मॅडम. हे नव्हते." तिनं पुस्तक पिशवीत घातलं. "तो ओरडत होता, आन् मला आनंद झाला."

मी तिच्या शेजारी बसले. ती 'हे नव्हते' म्हणाली, तेव्हा मलाही तोच आनंद झाला होता.