अण्णानं परत आणलेला आवाज

वहिनीचा तंजावूरहून फोन आला तेव्हा मी पुण्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ती एवढंच म्हणाली, "तुझा अण्णा गेला. सावकाश ये. घाई करून आता उपयोग नाही." फोन ठेवून मी वर गेले आणि उरलेले कपडे वाळत घातले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मद्रासमार्गे घरी पोहोचले तोवर वेण्णार नदीच्या काठी सगळं आटोपलं होतं. अण्णा कॉलेजातून आला, चपला काढायला दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर बसला आणि बसल्या जागीच गेला. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारलं, म्हणून वहिनीनं कपाट उघडलं, तर गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा रचून ठेवलेल्या. कधीपासून घेत नव्हता कोण जाणे... वहिनी रोज पाण्याचं भांडं हातात द्यायची आणि तो ते रिकामं करून परत द्यायचा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ माधवराव, एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होता. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचं. घरात मराठी बोलतो, पण अर्धे शब्द तमिळ, आणि हेलही तमिळच. देवनागरी लिहायला मी लग्नानंतर पुण्यात शिकले. अण्णाला ती कधीच वाचता आली नाही. म्हणजे हे मी त्याच्यावर लिहिते आहे खरं, पण तो असता तरी मला ते त्याला वाचूनच दाखवावं लागलं असतं.

अण्णाबद्दल सांगायचं तर सेल्वमबद्दल सांगावं लागतं. सेल्वम तंजावूरजवळच्या पापनाशमचा, भाताच्या गिरणीवाल्यांचा एकुलता एक मुलगा, अण्णाचा कॉलेजात शिकतानाचा मित्र. तिरुच्चीच्या एका कारखान्यात कामाला आलेल्या चेक इंजिनियरनं मायदेशी परतताना आपली मोटोक्रॉसची गाडी सेल्वमला विकली होती. टू-स्ट्रोक, उंच, अंगावर दिवा नाही की हॉर्न नाही, फक्त खडकाळ, चढउताराच्या मैदानात पळवायला केलेली. सेल्वमच्या सिंगापूरच्या मामानं तिच्यासाठी जास्तीचे पार्ट पाठवले. ते गाडीच्या कंपनीचे नव्हते, रेसवाल्यांसाठी इंग्लंडातल्या आणि इटलीतल्या छोट्या कारखान्यांनी केलेले होते. ॲल्युमिनियमची हलकी टाकी, रुंद हँडल, गॅसचे शॉकअप, आणि मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता असा एक सायलेन्सर. अण्णा गाडी जुळवायचा आणि सेल्वम चालवायचा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी बंद झालं की कावेरी कोरडी पडते. त्या वाळूत त्यांचा सराव चाले. मी शाळेत होते, बांधावर नारळीच्या सावलीत बसून पाहायची. पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळलेलं असे, त्याचा जळका गोडसर वास कपड्यांना लागायचा आणि अम्मा मला घरात घेण्याआधी न्हाणीत पाठवायची. सायलेन्सरचा आवाज मात्र गोड नव्हता. आधी कर्कश, मग एका वेगानंतर एकदम मोकळा होऊन वर चढणारा, पात्राच्या दोन्ही काठांवर आदळून परत येणारा... अण्णा म्हणायचा, सेल्वम कुठल्या वळणावर आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं.

कोइमतूरजवळच्या एका शर्यतीत सेल्वम उडीवरून खाली आला तो गाडीखालीच. पाठीचा कणा मोडला. हात चालू राहिले, पण छातीखालचं शरीर त्या दिवसापासून त्याचं राहिलं नाही. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता. अण्णा मैदानाच्या कडेला जादा प्लग खिशात घेऊन उभा होता, आणि आवाज मधेच तुटला तेव्हा त्याला कळलं. गाडी मालट्रकमधून पापनाशमला आली आणि गिरणीच्या मागच्या शेडमध्ये रिकाम्या पोत्यांखाली गेली. सेल्वमच्या वडिलांनी संतापून टाकी नि हँडल भंगारात दिलं. त्यानंतर अण्णा दर रविवारी सकाळी बस पकडून पापनाशमला जाऊ लागला. सेल्वमच्या आईबरोबर त्याला उचलून आंघोळ घालायचा, अंथरूण बदलायचा आणि दुपारी परतायचा. पुढे अण्णाचं लग्न झालं, आमचे अप्पा गेले, मी पुण्याला गेले, रविवार मात्र चुकला नाही. अण्णा फारसा हसत नसे, पण रविवारी संध्याकाळी त्याच्याशी बोललं की बरं वाटायचं.

नव्वदीनंतर गावोगावी केबल टीव्ही आला तसा पापनाशमलाही आला. सेल्वमच्या खाटेसमोर टीव्ही ठेवला गेला आणि एका रविवारी दोघांनी परदेशातली मोटोक्रॉसची शर्यत पाहिली. अण्णानं मला नंतर फोनवर सांगितलं. शर्यत संपल्यावर सेल्वमनं टीव्ही बंद करायला लावला. मग म्हणाला, यांच्या गाड्यांचा आवाज ऐकून ऐकून मी आपल्या गाडीचा आवाज विसरायला लागलोय, माधवा. तो गेला तर माझ्याकडे काय राहिलं?

दुसऱ्याच आठवड्यात अण्णानं शेडमधली गाडी तंजावूरला आणली. बाहेरच्या खोलीतलं सामान हलवून तिथे तिचा सांगाडा उभा केला. सगळं गंजलेलं, कार्बोरेटरमध्ये कोळ्याची जाळी, सिलिंडरवरच्या खाचांत उंदरांनी भाताचं तूस भरलेलं. इंजिन जुळवायला त्याला फार वेळ लागला नाही, त्याच जातीचे देशी पार्ट घासूनपुसून बसले. अडलं ते बाहेरच्या पार्टांपाशी. सायलेन्सर पडताना चेपून फाटला होता. अण्णानं पुठ्ठ्याचे शंकू कापून माप घेतलं आणि ओळखीच्या वेल्डरकडून हुबेहूब दिसणारा नवा करून घेतला. इंजिन सुरू झालं, गल्लीतली माणसं गोळा झाली, वहिनी खूश झाली. अण्णानं मिनिटभर ऐकून गाडी बंद केली. "हा तो नव्हे," म्हणाला. पत्र्याची जाडी, नळीची लांबी, शेवटच्या शंकूचा उतार, काहीतरी सुताभर वेगळं होतं, आणि तेवढ्यानं आवाज फाटका येत होता. मग त्याचं शोधणं सुरू झालं. बाहेरून वस्तू मागवणं तोवर पूर्वीइतकं अवघड राहिलं नव्हतं. बसस्टँडजवळच्या बूथवरून तो इंग्लंडातल्या जुन्या पार्टांच्या दुकानांना फॅक्स पाठवायचा. हँडल मीच शोधलं. खडकीला एका जुन्या रेसरच्या माळ्यावर तसंच निघालं, मधे आडवी दांडी असलेलं. शॉकअप इटलीतून आले. टाकी कुठूनशी आली ती चेपलेली, ती अण्णानं महिनाभर लाकडी हातोडीनं ठोकून सरळ केली. सायलेन्सर मात्र हाती लागेना. त्या काळात त्याच्याशी दुसऱ्या विषयावर बोलणं अशक्य झालं होतं. वहिनी म्हणायची, यांना मूल झालं असतं तर इतकं केलं असतं की नाही, देव जाणे.

अखेर इंग्लंडातल्या एका दुकानदाराच्या विधवेनं न वापरलेला एक सायलेन्सर पाठवला. कस्टममधून सोडवायला अण्णा स्वतः मद्रासला गेला आणि रात्रभराच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन आला. बसवल्यावर त्यानं गाडी घरी सुरूसुद्धा केली नाही. पहिल्यांदा सेल्वमनंच ऐकायला हवं, म्हणाला.

पोंगलसाठी मी आले होते, त्यामुळे त्या दिवशी मी तिथे होते. गाडी टेम्पोत घालून आम्ही पापनाशमला गेलो. सेल्वमची खाट खिडकीशी सरकवली होती आणि केस विंचरून त्याला नवा सदरा घातला होता. अंगणात भात वाळत होतं, ते बायकांनी एका बाजूला ओढलं. अण्णानं किक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली, आणि तो आवाज आला... मला बांध दिसला, वाळू दिसली, एरंडेलाचा वास थेट घशात गेला. अण्णानं वेग चढवला तसा आवाज मोकळा होऊन वर गेला आणि गिरणीच्या भिंतीवर आदळून परत आला. खिडकीत सेल्वमनं डोळे मिटले होते. त्याचा चेहरा तेवीस वर्षांचा झाला होता, खरंच झाला होता. मग त्यानं डोळे उघडले आणि आईला हाक मारून म्हणाला, "अम्मा, माझा पाय हलला. बघ, चादर काढ."

तिनं चादर काढली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काड्यांसारखे ते दोन पाय जसे ठेवले होते तसेच होते. गाडी सुरूच होती. सेल्वम स्वतःच्या पायांकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "बंद कर."

अण्णानं गाडी बंद केली. त्यानंतर तिथे कोणी काय बोललं ते मला आठवत नाही. गाडी पुन्हा टेम्पोत चढली, एवढं आठवतं. परतताना अण्णा पुढे बसला नाही, मागे गाडीला धरून उभा राहिला.

त्याला दोन वर्षं झाली. अण्णानं पुन्हा कशालाही पाना लावला नाही. घरातला पंखा बिघडला तरी दुसऱ्याला बोलवायचा. रविवारी संध्याकाळी मी फोन करायची, पापनाशमला जाऊन आलास का विचारायची. तो म्हणायचा, "होय की. जाऊन आलो." सेल्वम कसा आहे? "बरा आहे." त्याच्यापुढे एक शब्द नाही. मला वाटलं, त्या दिवसाचं दुःख ओसरायला वेळ लागणारच.

तेरावा झाला तरी पापनाशमहून कोणी भेटायला आलं नाही. गडबडीत त्यांना कळवायचंच राहून गेलं, असं वहिनी म्हणाली, आणि मी रविवारी जायचं ठरवलं. निघताना तिनं माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. दहीभात, वर डाळिंबाचे दाणे, बाजूला लिंबाचं लोणचं. दर रविवारी सेल्वमसाठी अण्णाबरोबर हाच डबा जायचा, म्हणाली, आणि घासून लख्ख होऊन परत यायचा.

सेल्वम खूप वाळला होता. मला पाहून त्यानं आधी दाराकडे पाहिलं. "माधवनं पाठवलं का?" असं त्यानं विचारलं, आणि त्या विचारण्यात इतकी आशा होती की सांगताना माझी जीभ रेटेना. सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची आई पदरात तोंड लपवून आत गेली. मग भिंतीकडे पाहतच सेल्वम बोलायला लागला. त्या दिवशी टेम्पोत गाडी चढत असताना अण्णा त्याचा निरोप घ्यायला आत आला होता, तेव्हा सेल्वमनं त्याला सांगितलं होतं की पुन्हा येऊ नकोस, तू दिसलास की मला तो आवाज ऐकू येईल. आणि अण्णा पुन्हा आला नाही. एकदाही नाही. मला ते समजायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. डबा कसा काय, म्हणाला.

"वहिनीनं दहीभात दिलाय," मी म्हणाले. "दर रविवारी देते तसा..."

बोलून गेल्यावर मी थांबले, पण त्याला कळलं होतं. दर रविवारी, असं त्यानं सावकाश म्हटलं. मी मान हलवली. त्यानं डबा मागून घेतला आणि छातीवर ठेवून दोन्ही हातांनी धरला.

"मी येऊ नकोस म्हणालो होतो, तंगच्ची," तो म्हणाला. बहिणीला म्हणावं तसं तो मला लहानपणापासून तंगच्चीच म्हणायचा. "त्यानं ऐकायला नको होतं."

त्यानं तो भात खाल्ला. आई भरवायला आली, तर तिला बाजूला सारून त्यानं स्वतःच्या हातानं खाल्ला, सगळा.

अण्णा ते सगळे रविवार कुठे घालवायचा, मला माहीत नाही. कुठल्या नळावर तो डबा घासायचा, तेही नाही. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, सेल्वमला फार लागलं का? हो म्हटलं. मग तिनं डबा उघडून पाहिला, आणि तो रिकामा पाहून पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली. म्हणाली, त्यांना एवढाच आनंद होता गं, रविवारी सेल्वमला जेवू घालायचा... खरं काय ते मी सांगितलं नाही, डबा घेऊन घासायला गेले.

आता मी पुण्यात आहे. रविवारी संध्याकाळी फोन लावते तो वहिनी उचलते. परवा म्हणाली, "सवयीनं सकाळी डबा भरला. न्यायला कोणी नव्हतं." मग त्याचं काय केलंस, मी विचारलं. ती म्हणाली, "तो तसाच आहे. भरलेला. मला उघडवत नाही."