पाळकसाहेबांच्या नावाची पाटी

आमच्या रस्त्याला चर्चच्या दिवंगत पाळकसाहेबांचं नाव दिलं. पाटी नेमकी माझ्याच कुंपणाच्या भिंतीवर लागली. आनंद मानावा की लाज वाटावी, काही कळेना. चावडीजवळच्या नळावर सगळ्या जातींना पाणी भरता यावं म्हणून त्यांनी मोर्चा काढला, तेव्हा त्यांची हाक ऐकूनही मी या भिंतीआड दडून बसलो होतो. पाटीला हार घालायला पाळकबाई आल्या, तेव्हा एकदाचं सांगून टाकलं.

त्या हसल्या. "अरे, साहेबांनी पाहिलं होतं तुला. घरी येऊन म्हणाले, पोराला धड लपताही येत नाही, टोपी दिसत होती."

म्हणजे त्यांनी ते तेव्हाच हसण्यावारी नेलं होतं. मग इतकी वर्षं ते समोरून येताना दिसले की मी वाट बदलायचो, ती कुणाला चुकवायला?