रुक्मीची गणिते

ही गणिते मी आता सांगतोय तशीच होती का, याची मला खात्री नाही. आकडे कदाचित माझेच असतील. गणितात एम.ए. असूनही सांगण्याआधी ती पुन्हा कागदावर सोडवून पाहिली. मास्तरकी केलेल्या माणसाजवळ असे किस्से साचतातच. माझ्याकडचे बहुतेक रुक्मीचे आहेत.

पन्नासच्या दशकात मी नागपूरहून चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडच्या एका मिडल स्कूलमध्ये आलो. सातवीच्या वर्गात रुक्मी ही एकच मुलगी. पास झाली तर मास्तरिणीच्या ट्रेनिंगला जाणार होती.

*

पहिलेच उदाहरण नळांचे. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्याने रिकामी होते. वर्गात कोणी नळ पाहिला नव्हता, म्हणून मी टाकीची बोडी केली, म्हणजे शेताजवळचे लहान तळे. एका पाटाने पाणी येते, दुसऱ्याने जाते. बोडी किती वेळात भरेल?

रुक्मी उठली. "गुरुजी, पाणी जाऊन राह्यलं हे दिसते, तं तिथी माती काऊन नाई टाकत?"

मी माती टाकली आणि पुढचे उदाहरण घेतले.

*

ते आगगाडीचे. वरोऱ्याहून चांद्याला गाडी ताशी वीस मैलांनी निघते.

"मधी कुठी थांबत नाई?"

"नाही. गणितात थांबत नाही."

"मंग मधातल्या लोकाईनं चढाव कसं?"

दुसऱ्या दिवशी मी दोन स्टेशने घातली. मग उत्तर मलाच येईना.

*

बापाचे वय मुलीच्या तिप्पट, हे गणित मी घरी करायला दिले. सकाळी रुक्मीचा बाप शाळेच्या दारात उभा!

"गुरुजी, पोरगी म्हणते, गुरुजीले माहं वय पायजे. काऊन? पटवारी आला काय?"

"नाही भाऊ, गणितासाठी."

"मले तं मालूम नाई. तुमीच ठरवा." जाताना वळून म्हणाला, "पास झाली तं शिकू द्या. नाई तं धानाच्या रोवण्याले माणूस पायजेच."

त्या दिवसापासून मला झोप कमी लागू लागली.

*

परीक्षेत प्रश्न आला: आठ मजूर एक बांध सहा दिवसांत बांधतात. दोघे सुरुवातीलाच आजारी पडले, तर किती दिवस लागतील?

रुक्मी पेपर देऊन बाहेर आली. मी विचारले, "किती लिहिलेस?"

"आठ."

मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"पण खाली हेही लिवलं, का आमच्या गावात सहाच लागतेत. दोघं पडले तं त्याइच्या घरचे येतेत नं."

निकालापर्यंत मी स्वतःलाच बोल लावत होतो. ती पास झाली. परीक्षकाच्या नजरेतून खालची ओळ निसटली असावी, असे मी मानून चाललो.

खूप वर्षांनी नागपूरला एका लग्नात ते परीक्षक भेटले. भीत भीत विचारले. त्यांना ती मुलगी आठवत होती.

"आठ तं साऱ्याइनंच लिवलं होतं," ते म्हणाले. "मी बरोबरची खूण सहाले केली."

त्यांचे गाव विचारून घेतले. सावलीकडचे निघाले, रुक्मीच्याच मुलखातले.