सुभेदारांची सरळ ताल

लग्न होऊन मी कराडहून तासगावच्या बाजूला आले, तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सासरी पोचल्यावर मला दोन गोष्टी लगेच कळल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, फौजेतून सुभेदार होऊन परतले होते. आणि आमच्या रानातली माती दर पावसाळ्यात पळून जात होती.

पळून जायची कुठं, तर उतारानं खाली, मामंजींच्या चुलतभावाच्या रानात! आमची ज्वारी कशीबशी गुडघ्याला लागायची आणि खाली त्यांच्या ज्वारीत माणूस शिरला की दिसायचा नाही. मामंजी बांधावर उभे राहून ती कणसं अशी बघायचे, की जणू आपलीच पोरं दुसऱ्याच्या पंगतीत जेवतायत.

तेवढ्यात सरकारी योजना आली. उताराच्या रानात ताली, म्हणजे आडवे मातीचे बांध, घालून मिळणार होत्या. पाणी अडणार, माती जागच्या जागी राहणार. मामंजींनी गावात सगळ्यांच्या आधी अर्ज केला. एक तरुण साहेब जीपमधून आले, तिपाईवर दुर्बीण लावून दिवसभर रान न्याहाळलं आणि चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली.

काय ती रेघ! मधल्या घळीपाशी वर चढलेली, पुढं परत उतरलेली, आणि टोकाला चक्क चुलतभावाच्या रानात पोट काढून आलेली. मामंजी कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"साहेब, ही लाईन हाय व्हय? आमच्या पलटणीत असल्या लाईनीला दंड बैठका काढाय लावल्या असत्या."

"सुभेदारसाहेब, एका उंचीवरून गेली तरच ताल टिकते," साहेब नरमाईनं म्हणाले. "टोकाला तेवढी भावाची संमती घ्या."

भावाकडं मागायचं! मामंजींच्या मिशा थरथरल्या. जीप दिसेनाशी झाली तशी त्यांनी या हद्दीच्या दगडापासून त्या दगडापर्यंत सुतळी ताणली आणि नवी फक्की टाकली. मजूर गावचेच, सुभेदारांच्या आवाजापुढं बोलणार कोण? ताल झाली, अगदी परेडला उभी केल्यासारखी सरळ. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती दाखवायचे.

परतीचा पाऊस आला. सगळं पाणी घळीत तुंबलं, तालीला तिथंच भगदाड पडलं, आणि होती नव्हती ती माती धो धो खाली गेली. सकाळी चुलत सासरे चिखलानं भरलेले पाय घेऊनच अंगणात हजर.

"आवं दादा, दरसाल थोडी थोडी धाडत हुतासा. यंदा एकदमच धाडलीसा?"

सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मीही चहाच्या निमित्तानं त्यांच्या मागं.

साहेब परत आले आणि त्यांनी तीच वाकडी रेघ पुन्हा मारली. आता मात्र मागायला जाणं भाग होतं. मामंजींनी फेटा बांधला आणि भावाच्या सोप्यात जाऊन बसले. ताक पोचवायच्या बहाण्यानं मी मागोमाग गेलेच. तो देखावा चुकवते होय! मामंजी म्हशीबद्दल बोलले, साखर कारखान्याबद्दल बोलले, चीनच्या सरहद्दीवरच्या थंडीबद्दलही बोलले. तालीचं नाव नाही. शेवटी चुलत सासऱ्यांनाच राहवेना.

"दादा, ताल माझ्या रानातनं वळवायची हाय न्हवं? वळवा की. तितं आता समदी माती तुमचीच हाय."

"तसं न्हाई रं..."

"तसंच हाय. पर तुमी सुतळी घिऊन यायचं न्हाई."

मामंजींनी ताकाचा पेला एका दमात रिकामा केला. मान हलली. तेवढीच.

वाकडी ताल झाली. पुढच्या पावसात भरली, तुंबली, पण हलली नाही. माती आमच्या रानात राहिली आणि ज्वारी मामंजींच्या छातीला लागली. खालची ज्वारी मात्र उतरली. एके दिवशी चुलत सासरे बांध चढून वर आले, जरा घुटमळले.

"दादा, माझी बी माती वड्याला चाललीया. त्या सायबाची जीप कवा येती?"

मामंजींनी त्यांना तिथंच तालीवर बसवून घेतलं, आणि दुर्बिणीनं रेघ कशी मारायची ते सूर्य मावळेपर्यंत समजावून सांगितलं.