मागच्या भिंतीजवळची थंडी

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाचं डोकं थंड असावं अशी कुणाची समजूत असेल, तर त्याने भडकेमिस्त्रींच्या दुकानात एकदा जाऊन यावं. भडके हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते इतकं चपखल बसलं की सुटे भाग पुरवणारा दुकानदारसुद्धा पावतीवर तेच लिहायचा. माणूस बुटका, बोटांवर तांब्याच्या नळ्यांना डाग देताना भाजल्याच्या खुणा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करत बसणारी माणसं, गरम पातेलं तसंच आत ढकलणारी माणसं, साठलेला बर्फ सुरीने खरवडणारी माणसं, या सगळ्यांना ते त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून झापायचे. लोक ऐकून घ्यायचे, कारण मिस्त्रींनी हात लावलेला फ्रिज पुन्हा कुरकुरत नसे.

त्यांचा एक सिद्धान्त होता. थंडी म्हणजे थंडी. अर्धवट थंडी ही लबाडी. घरचा फ्रिज त्यांनी दोन मोडक्या फ्रिजांतून जोडला होता आणि त्यातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवायचे. आलेल्या माणसाला आधी ते पाणी प्यावं लागायचं, मग बसायला मिळायचं.

त्यांची एकुलती एक लेक नववीत असताना अचानक वाळायला लागली. घटाघटा पाणी प्यायची आणि तरी तहानलेली. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय, आता ते रोज सुईने द्यायचं, जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिस्त्री डॉक्टरांवरच उखडले, जणू रोग त्यांनीच दिला होता. परतताना औषधवाला म्हणाला, "हे थंड ठेवायचं बरं का," तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. बाकी काही कळो न कळो, थंड ठेवणं हा त्यांचा प्रांत होता. खोक्यातला माहितीचा कागद त्यांनी उलगडलासुद्धा नाही.

"मला थंडी शिकवणारा कागद अजून छापायचाय," ते बायकोला म्हणाले.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. बाटल्या फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात असायच्या, लेक आपल्या हाताने सुई टोचून घ्यायला शिकली, शाळेत जायला लागली, अंगही भरलं. मग उन्हाळा आला. दुकानाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. दारातला कप्पा म्हणजे सारखी उघडझाप, म्हणजेच अर्धवट थंडी. मिस्त्रींनी सगळ्या बाटल्या उचलल्या, आत मागच्या भिंतीला चिकटवून ठेवल्या आणि थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काळजीपोटी केलं, हे खरंच आहे. काळजी करणाऱ्यांनी या जगात जेवढं वाटोळं केलंय तेवढं दुष्टांनीही केलं नसेल.

लेकीची साखर चढायला लागली. मात्रा तीच, वेळा त्याच, जेवण तेच, आणि साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा रोज वर. गिऱ्हाइकाच्या घरी मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: बिघडायच्या आधी काय बदललंत? स्वतःच्या घरात हा प्रश्न त्यांना सुचला नाही. तिथे तपास करायच्या आधीच गुन्हेगार ठरला होता. पोरगी चोरून गोड खाते.

"मी नाही खात, बाबा," ती म्हणाली.

"मग यंत्र खोटं बोलतं?"

"मला काय माहीत. बाटलीत कधी कधी बारीक बर्फासारखं दिसतं."

"बाहेरून दव धरतं ते. पुसून घे. आणि विषय बदलू नकोस."

तिने बाटली पुसली आणि सुई भरली. दुसरं काय करणार होती? थंडीतलं तिला कळत नव्हतं; बापाला कळतं हे सगळं गाव म्हणत होतं.

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना एकदा विचारू या का?" तर मिस्त्री कडाडले, "डॉक्टर काय सांगणार? पथ्य पाळा. पथ्य मोडणारी ही बसलीय समोर." त्यांनी खाऊच्या कपाटाला कुलूप लावलं. रविवारी त्यांची थोरली बहीण पोराबाळांसह आली होती, शेजारचं जोडपंही बसलेलं होतं, तेव्हा त्या सगळ्यांच्या देखत त्यांनी लेकीचं दप्तर जमिनीवर उलटं केलं. वह्या पडल्या, कंपासपेटी पडली, गोड असं काहीच पडलं नाही. एखादा माणूस वरमला असता. मिस्त्री म्हणाले, "सापडत नाही म्हणजे खाऊन संपवलंय. चोरटी आहे ही. माझ्या घरात चोर निपजली." पोरीने मान खाली घालून वह्या गोळा केल्या. आत्या म्हणाली, "कशाला गं बापाचा जीव खातेस?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

त्यानंतर पोरीने जेवणच कमी केलं. आकडा खाली आला की बाबांना पटेल, एवढाच तिचा हिशोब होता. आकडा खाली आला नाही. एका सकाळी शाळेचा गणवेश घालताना ती भिंतीला धरून खाली बसली, ओकली, आणि धावून आल्यासारखे मोठमोठे श्वास घेऊ लागली. आईच्या हाकेला ओ देईना. रक्तात आम्ल साठलंय, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं रुग्णालयात सांगितलं.

तिथल्या मधुमेह विभागाच्या सिस्टर बाहेर आल्या. "इन्सुलिन ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये. आणि थंडीबद्दल मला विचारू नका," मिस्त्री गरजले. "तीस वर्षं तोच धंदा करतोय. माझ्या घरच्यासारखी थंडी तुमच्या या इमारतीत नसेल. अगदी मागच्या भिंतीला लावून ठेवतो, बटण फुल्ल, पाण्याची बाटली ठेवली तर सकाळी बर्फ..."

ते मध्येच थांबले. बायकोने पिशवीतून आणलेली इन्सुलिनची बाटली काढून दिली. सिस्टरांनी ती उजेडासमोर धरली, हलकेच उलटीपालटी केली. आत रव्यासारखे बारीक कण फिरत होते.

"इन्सुलिन हे प्रथिन आहे," त्या म्हणाल्या. "लांब साखळी असते, पण ती ठराविक घडी घालून बसलेली असते, आणि सगळं काम त्या घडीचं. त्या आकाराने ते पेशीच्या दाराशी जातं, तेव्हा साखर आत जाते. गोठलं की घडी मोडते. मग वितळू दे नाहीतर काही करू दे, पुन्हा बसत नाही. नासलेलं दूध थंड केलं म्हणून परत चांगलं होतं का? कधी कधी तर हे कणही दिसत नाहीत. दिसायला औषध, कामाला पाणी."

"म्हणजे ती रोज..." बायको म्हणाली.

"रोज टोचून घेत होती. उपयोग होत नव्हता."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते औषधवाल्यावर भडकले, त्याने नीट सांगितलं नाही. कंपनीवर भडकले, अक्षर मुंगीएवढं छापतात. उन्हाळ्यावर भडकले. पण या खेपेला राग कुठे टिकेना, फिरून फिरून घरीच येऊ लागला. मागच्या भिंतीजवळ पालेभाजी ठेवू नका, बर्फ लागून काळी पडते, हे त्यांनी घरोघरी ओरडून सांगितलं होतं. भाजीच्या जुडीला जी अक्कल वापरली ती पोटच्या पोरीला वापरली नव्हती. बाकावर बसून त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, एकदा, दोनदा, आणि बायकोने हात धरला नाही. ती म्हणाली, "मारा. पण तिला त्याचा काय उपयोग?"

लेक वाचली. घरी आली तेव्हा नव्या बाटल्या दारातल्या कप्प्यात होत्या आणि मिस्त्रींनी आत थर्मामीटर टांगला होता. ती बापाशी बोलेना. त्यांनी नवं दप्तर आणलं, तिने ते उघडलंही नाही. शेवटी ते दारात उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं."

"हे मला एकटीला सांगू नका," ती म्हणाली. "चोर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

त्याच माणसांना पुन्हा बोलावलं गेलं. आत्या, तिची पोरं, शेजारचं जोडपं. जन्मात ज्याने चूक कबूल केली नाही तो माणूस खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "त्याचं असं झालं, या कंपन्या इतकं बारीक छापतात..."

"परत," लेक म्हणाली.

"उन्हाळा यंदा असा होता की..."

"परत, बाबा."

मिस्त्रींचे कान लाल झाले. सगळ्यांना वाटलं, आता भडका उडणार. पण ते जमिनीकडे बघत म्हणाले, "औषध मी खराब केलं. ही खरं बोलत होती. बर्फ दिसतो म्हणाली, मी ऐकलं नाही. वर चोर म्हटलं."

आत्याला ते सहन झालं नाही. "पुरे गं आता. किती वाकवशील? बाप आहे तो तुझा."

"बाप आहेत म्हणूनच," लेक म्हणाली, "मी पुसून पुसून तीच बाटली टोचत राहिले."