आईचा व्यवसाय

“तुला कुणी सांगितलं?”

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवून हा प्रश्न विचारला, की समोरच्याची बोलती बंद व्हायची. कुणी म्हणावं, कंधारची गाडी गेली. तुला कुणी सांगितलं? कुणी म्हणावं, अमुक मॅडम रजेवर आहेत. तुला कुणी सांगितलं? त्यात खोचकपणा नव्हता. ही गोष्ट तू डोळ्यांनी पाहिलीस, कुणाकडून ऐकलीस, की आपली दिलीस ठोकून, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असायचं. नांदेडच्या ज्या कॉलेजात मी पत्रकारिता आणि फिल्म शिकले, तिथं हा प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, आणि त्याची नेमणूक शिपाई म्हणून होती.

तुमच्याही कॉलेजात अशी एखादी मावशी असेल. तिच्याकडं किल्ल्या असतात, खडू असतात, आणि कोणत्या वर्गाचा पंखा कधी बंद पडतो याची खबर असते. आपण तिला ‘मावशी’ म्हणतो आणि तेवढ्यावर आपलं नातं भागवतो.

शेवटच्या सत्रात आम्हाला पंधरा मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची होती. आमचा पाच जणांचा गट. दिग्दर्शक मी. कथाही माझीच. झोपडीत राहणारी एक हुशार मुलगी, तिला शिकायला लातूरला जायचंय. बाप दारुडा, तो तिची पुस्तकं फाडतो. आई फाटक्या साडीत लोकांची धुणीभांडी करते, मालकिणीचे पाय धरते. शेवटी मुलगी आभाळाकडं बघत राहते. लिहून झाल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

ती संहिता एकदा विभागातल्या टेबलावर राहिली. जेवून परत आले तर मावशी ओळीखाली बोट धरून ती वाचत होत्या. शेवटचं पान संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“कशी वाटली?” मी विचारलं. कौतुक ऐकायची मला सवय होती.

“हे घर कुठलं हाय?”

“असंच, एखाद्या वस्तीतलं.”

“कोणत्या वस्तीतलं? तू गेलतीस का?”

“नाही. पण असंच असतं ना, मावशी.”

चष्मा कपाळावर गेला. “तुला कुणी सांगितलं?”

मी पानं घ्यायला हात पुढं केला.

“बाप दारूच पितो म्हणून कुणी सांगितलं? पुस्तकं फाडतो म्हणून कुणी सांगितलं? ही बाई सारखी पाय धरून राहिली, कशापायी? मी इतकी वर्षं हितं काम करते, कुणाचे पाय धरताना बघितलं का मला?” त्यांनी पानं सारखी करून माझ्या हातात दिली. “रविवारी माझ्या घरी या. पाचीजण या. आधी घर बघा, मग लिहा.”

आम्ही गेलो, पण खरं सांगते, शिकायला म्हणून नाही. ‘गरिबाचं घर’ शोधत आम्ही मुदखेडपासून कंधारपर्यंत हिंडलो होतो, मनासारखं मिळालं नव्हतं. आयतं लोकेशन मिळतंय म्हणून गेलो.

दोन खोल्या. भिंतींना फिकट निळा रंग. फरशी अशी लख्ख की चप्पल काढल्यावर पायही पुसून घ्यावेत. दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांचं कपाट. खिडकीशी मावशींच्या मुलीचं टेबल, त्यावर कंपासपेटी अजून तशीच. मुलगी तेव्हा लातूरच्या वसतिगृहात राहून क्लासला जायची.

मी उदगीरची, घरची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत. वयाची बावीस वर्षं मी अशा वस्तीच्या कमानीवरून जात-येत होते. आत पहिल्यांदाच आले होते.

आमच्यातला कॅमेरा करणारा मित्र भिंतींकडं बघून हळहळला. “जागा मस्त आहे, मावशी, पण जरा जास्तच नीटनेटकी आहे. हे फोटो आणि पुस्तकं काढली, एका भिंतीला थोडी माती फासली, तर जमून जाईल.”

मावशी पाण्याचे पेले घेऊन येत होत्या. त्या जागेवरच थांबल्या.

“हा रंग माझ्या मालकानं दिलाय. रेल्वेत गँगमन होते. एका सुट्टीला एक भिंत, अशा चार सुट्ट्या घातल्या त्यांनी. ते गेले, पण रंग हाय. आन् तू त्याला माती फासतो? बाबासाहेबाला कुठं ठेवू मग, पलंगाखाली?”

मित्राची मान खाली गेली. मावशी क्षणभर त्याच्याकडं बघत राहिल्या, मग पेला पुढं केला. “पी पाणी. उन्हाचा आलास.”

पाणी पिऊन झाल्यावर त्या स्वतःहूनच बोलू लागल्या. मुलीला लातूरला पाठवायचं ठरलं, तेव्हा वसतिगृहाचा फॉर्म मुलीनंच भरला. आईची सही हवी होती म्हणून मावशींनी तो हातात घेतला आणि सवयीप्रमाणं पहिल्या ओळीपासून वाचला. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं होतं: गृहिणी.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. पेन घेतला, ‘गृहिणी’ खोडलं, वर लिवलं ‘शिपाई’. खाली सही केली. पोरगी आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी. ट्रंक भरताना मी विचारायची, टॉवेल कोणता देऊ? ती भिंतीकडं बघून सांगायची.” त्या हसल्या, पण हसू पूर्ण उमटलं नाही. “लातूरच्या स्टँडवर गाडीतनं उतरलो तर म्हणली, आई, आता इथून मी एकटी जाते. मी म्हणलं, जा. ट्रंक जड होती. तिनं एकटीनं नेली.”

कथा समोर बसली होती आणि आम्ही झोपड्या शोधत हिंडत होतो.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. जुनी संहिता बाजूला ठेवून मी मावशींच्या फॉर्मची आणि ट्रंकेची गोष्ट नव्यानं लिहिली. पुस्तकात ज्याला प्री-प्रॉडक्शन म्हणतात, ते मी कॉलेजात नाही, त्या दोन खोल्यांत शिकले. मावशींनी आमचं शूटिंगचं वेळापत्रक साफ मोडून नव्यानं मांडलं. खिडकीतून ऊन टेबलावर येतं ते फक्त सकाळी साडेआठ ते दहा, म्हणजे फॉर्मचा प्रसंग तेव्हाच. सातला नळ येतो, गल्लीत घागरींचा कालवा, तेव्हा आवाज घ्यायचा नाही. दुपारी अजान झाली की शूटिंग थांबवून सगळ्यांनी जेवून घ्यायचं. हे सगळं त्यांनी शाळेच्या वहीत रेघा ओढून लिहिलं होतं.

फिल्ममधल्या आईच्या कपड्यांसाठी त्या आम्हाला कोपऱ्यावरच्या टेलर चाचांकडं घेऊन गेल्या. कपडे जुने, ढगळ दिसू द्या, असं मी म्हणाले, तर चाचा माझ्यावरच उखडले. “शिपाई है ना वो? नौकरीवाली औरत है. ब्लाउज बराबर फिटिंगका होना!” मावशींनी मान डोलावली. तिथंही माझं काही चाललं नाही.

आईचं काम कुणी करायचं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण मावशी तीन दिवस नाहीच म्हणत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणली, कर.” मग फोन पर्समध्ये ठेवत, “रडत होती बहुतेक. मी विचारलं न्हाई.”

कलाकारांच्या यादीत ‘आई’ या शब्दापुढं मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि काना सुटलेला दाखवून दिला.

शूटिंगला चार दिवस राहिले असताना विभागप्रमुख सरांनी बैठक बोलावली. नवी संहिता त्यांनी चाळली. चाळली म्हणजे पानं उलटली.

“यात संघर्ष कुठे आहे?” सर म्हणाले. “फॉर्म भरतात, ट्रंक भरतात. लातूरच्या महोत्सवात परीक्षक काय बघणार, ट्रंक? पहिली संहिता चांगली होती. रडू यायचं. आणि हे काय, आईच्या भूमिकेत आपल्या शिपाई? विभागाची काही शिस्त आहे की नाही? लातूरच्या एक नाटकातल्या बाई आहेत, मी बोललोय त्यांच्याशी. कंधारकडे एक पडकं घरही बघून ठेवलंय.”

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. ट्रे हातात तसाच धरून त्यांनी शांतपणे विचारलं, “सर, माझी पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. त्याला संघर्ष म्हणत न्हाईत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

सरांनी संहिता मिटली.

“मावशी, हा अभ्यासक्रमाचा विषय आहे,” सर म्हणाले. “चहा ठेवा आणि बाहेर थांबा.”

त्यांनी ट्रे ठेवला. जाताना सरांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी कपातल्या चहाकडं पाहिलं.

मला अजून संताप येतो. ज्याला त्या घरात पाऊल टाकावंसं वाटलं नाही, त्यानं ठरवावं की त्या घरात गोष्ट नाही? गरिबानं स्वच्छ राहायचं नाही, ताठ बसायचं नाही, पुस्तकं ठेवायची नाहीत, कारण परीक्षकांना रडायचंय? आणि सरांवर आग पाखडताना मला बरं वाटतं, म्हणून हेही लिहिते: त्या खोलीत आम्ही पाचजण होतो. तोंड एकानंही उघडलं नाही. दिग्दर्शक मी होते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली, सरांना वाटेल ते बोलले. मावशी भाजी निवडत होत्या. माझं संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

“हे तिथं बोलायचं होतंस. हितं कशाला आलीस? हितं सगळे माझ्याच बाजूचे हायेत.”

पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

फिल्म झाली. कंधारजवळच्या त्या पडक्या घरात झाली. नाटकातल्या बाई चांगल्या होत्या, बिचाऱ्या सांगितलं तसं रडल्या. त्यांची साडी आम्ही ब्लेडनं जागोजागी कापली होती. लातूरच्या महोत्सवात परीक्षक म्हणाले, वास्तवाचं अस्सल दर्शन. मला सन्मानचिन्ह मिळालं. एवढ्या भरल्या सभागृहात एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की हे तुला कुणी सांगितलं.

महिन्याभरात मावशींची बदली परीक्षा विभागात झाली, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे दुखायचे त्यांचे. आदेशात ‘प्रशासकीय सोय’ असं लिहिलं होतं.

पुढं मी लातूरच्या एका कॉलेजात हाच विषय शिकवायला लागले. मागच्या वर्षी कळलं, मावशी निवृत्त होताहेत. समारंभाला गेले. शाल, नारळ, सरांचं भाषण. सर म्हणाले, “मावशींच्या हातचा चहा हा विभाग कधीही विसरणार नाही.” टाळ्या.

मावशींना बोलायला सांगितलं. त्या उठल्या. “चहा मला कधी चांगला आला न्हाई. साखर जास्तच व्हायची. मी दुसरी कामं करत होते. ती कुणाला आठवत असली तर सांगावीत.” आणि बसल्या.

मी उभी राहिले. माईक हातात घेतला. रंग दिलेल्या भिंती, फॉर्म, ट्रंक, त्यांनी आखून दिलेलं वेळापत्रक, आणि त्या बैठकीत मी चहाच्या कपात बघत बसले होते तेही, सगळं सांगितलं. “सकाळी सहाला नळ यायचा…” मी म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, “सातला.” लोक हसले. सर हसले नाहीत. सूत्रसंचालकानं वेळ कमी असल्याचं सांगून माझ्या हातातला माईक घेतला, पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

सर आपल्या खोलीत गेले, बाकीचे जेवायला. मावशी मात्र सरांच्या खोलीकडं निघाल्या. मीही मागं गेले. विभागाच्या जुन्या कपाटांच्या किल्ल्यांचा एक जुडगा इतकी वर्षं त्यांच्याकडंच राहिला होता, कुणी मागितलाच नव्हता. तो जुडगा आणि हातातले शाल-नारळ त्यांनी टेबलावर ठेवले.

“पोच द्या,” त्या म्हणाल्या.

“अहो मावशी, आता पोच कशाला?”

“चार्ज दिला की पोच घ्यावी लागते, सर.”

सरांनी कागद ओढला, लिहिलं, सही केली. मावशींनी तो बोट धरून वाचला आणि परत टेबलावर ठेवला. “‘मावशींकडून’ लिवलंय. नाव लिवा.”

सरांनी पेन उचललं. ते हवेतच राहिलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तोंड उघडणार, तोच मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला.

“थांब गं. विचारू दे त्यांना.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“तुमचं पूर्ण नाव काय?” सरांनी विचारलं.

मावशींनी सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. सावकाश, एकेक शब्द सुटा. सरांनी लिहून घेतलं. मावशींनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, दोनदा घडी घातली, पर्समध्ये ठेवला, आणि जिना उतरून गेल्या. शाल आणि नारळ टेबलावरच राहिले होते.